शब्दांची कुळकथा : ‘ओ. के.’ म्हणजे नक्की काय?

आपल्या घरांत दिवसभरांत जे इंग्रजी शब्द उच्चारले जातात, त्यांची मोजदाद कोणी केली, तर ‘ओके’ या शब्दाचा क्रमांक फार वरचा लागेल, याविषयीं शंका नको. शाळेंत जाणारा नातू आजोबांना ओके म्हणतो, सून सासूबाईंना ओके म्हणते, दूधवाला, रिक्षावाला, बँकेंतील कारकून आणि डॉक्टर हे सारे ओके म्हणतात. आणि ज्या आजीबाईंना इंग्रजीचा गंधहि नाहीं, त्यासुद्धां ओके म्हणूनच फोनवरील बोलणें आवरतें घेतात. इतका घरोब्याचा झालेला हा शब्द मूळचा कोठला, कोणत्या कुळांतला, आणि तो उच्चारणारा मनुष्य खरोखर काय सांगत असतो, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. म्हणून या महिन्याच्या कुळकथेसाठीं आम्हीं तो निवडला आहे. विषय वरवर पाहतां गंमतीचा आहे. परंतु याच दोन अक्षरांच्या अर्थाविषयीं झालेला घोटाळा एकदां एका भयंकर अपघाताच्या कारणांपैकीं एक ठरला, हें पुढें दिसून येईल.

या शब्दाचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाला, आणि तो प्रथम छापला गेल्याची तारीखहि उपलब्ध आहे. शब्दांच्या बाबतींत असें भाग्य विरळा. ता. २३ मार्च १८३९ रोजीं ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रांत संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनीं परगांवच्या एका पत्राची थट्टा करणारें लहानसें स्फुट लिहिलें. त्यांत त्यांनीं ‘ओ. के.’ हीं अक्षरें घातलीं आणि लगेच पुढें ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बिनचूक’, असा त्यांचा अर्थ दिला. आतां ‘ऑल’ या शब्दाचें आद्याक्षर इंग्रजींत ‘ए’ आहे आणि ‘करेक्ट’चें ‘सी’; तेव्हां संक्षेप व्हावयास हवा होता ‘ए. सी.’. परंतु त्या काळीं बोस्टनच्या पत्रकारांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्या अशुद्ध शब्दांचे संक्षेप करण्याची एक लाट आली होती. ‘ऑल राइट’ याचा ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो गो’ याचा ‘के. जी.’, ‘नो यूज’ याचा ‘के. वाय.’ असे वाह्यात संक्षेप ते करीत, आणि वाचक ते उलगडण्यांत मौज मानीत. ‘सर्व बिनचूक’ असें सांगणारीं दोन्ही अक्षरें स्वतःच चुकलेलीं, हेंच त्या विनोदाचें मर्म होतें.

संक्षेपांची हौस आपणांस अपरिचित नाहीं. आपल्या जुन्या पत्रांचा मायना संक्षेपांवांचून पुराच होत नसे. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘वे. शा. सं.’ हे मानाप्रमाणें, ‘सा. न. वि. वि.’ हा आरंभीं, ‘अ. उ. आ.’ हा लहानांसाठीं. आणि लिहावयाचें राहून गेलेल्या मजकुरासाठीं शेवटीं ‘ता. क.’. फरक एवढाच, कीं आपले संक्षेप रूढीनें बांधलेले होते. ‘चि.’ कोणास लिहावें आणि ‘ती.’ कोणास लिहावें, यांत चूक झाली तर घरांतील वडील मंडळी ती तत्काळ दाखवून देत. बोस्टनच्या संक्षेपांस असें कोणतेंच बंधन नव्हतें. ते थट्टेंत जन्मले, आणि बहुतेक सारे थोड्याच वर्षांत विस्मृतींत गेले. एकटा ‘ओ. के.’ तेवढा वांचला, आणि तो वांचविला राजकारणानें.

इ. स. १८४० मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे पुन्हां उभे होते. त्यांचें जन्मगांव न्यूयॉर्क प्रांतांतील किंडरहूक. त्यावरून त्यांचे अनुयायी त्यांस ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे ‘किंडरहूकचे वडीलधारे’, असें म्हणूं लागले. या दोन शब्दांचींहि आद्याक्षरें ‘ओ. के.’च. हा योग साधून न्यूयॉर्क शहरांत त्यांच्या पक्षाच्या लोकांनीं ‘ओ. के. क्लब’ काढले. आपला उमेदवार ओ. के. आहे, म्हणजे तो किंडरहूकचा आहे आणि सर्वथा योग्यहि आहे, असा दुहेरी अर्थ त्यांतून निघे. विरुद्ध पक्ष थोडाच स्वस्थ बसतो! त्यांनीं त्याच अक्षरांचे ‘आउट ऑफ कॅश’, म्हणजे खजिना रिकामा, आणि ‘ऑफुल कॅलॅमिटी’, म्हणजे घोर आपत्ति, असे अर्थ लावले. अर्थात् त्यासाठीं शुद्धलेखनाचा बळी बोस्टनच्या पद्धतीनेंच दिला. निवडणुकींत व्हॅन ब्यूरेन पडले आणि विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले. उमेदवार गेला, पण त्याच्या नांवावर वाढलेला शब्द राहिला.

याच धामधुमींत वृत्तपत्रांनीं आणखी एक कंडी पिकविली. व्हॅन ब्यूरेन यांच्या पूर्वींचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांस म्हणे शुद्धलेखन येत नसे. म्हणून ते मंजूर केलेल्या कागदांवर ‘ऑल करेक्ट’ हे शब्द चुकीचे लिहून त्यांचींच आद्याक्षरें ‘ओ. के.’ अशीं टाकीत! ही निव्वळ टवाळी होती. पण पुढें ती इतिहास म्हणून सांगितली जाऊं लागली. एका जुन्या न्यायालयीन नोंदींत जॅक्सन यांच्या संबंधांत ‘ओ. के.’ सांपडल्याचाहि दावा झाला. नीट तपासतां तीं अक्षरें ‘ओ. आर.’ निघालीं, त्यांचा अर्थ ‘नोंद करण्याचा हुकूम झाला’ इतकाच होता. हस्ताक्षर वाचतांना एक अक्षर चुकलें, आणि त्यावर केवढी इमारत उभी राहिली!

शब्दाचें मूळ झांकलें गेलें, कीं त्याला वारस पुष्कळ निघतात. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मतें हा शब्द अमेरिकेंतील मूळच्या चॉक्टॉ जमातीच्या भाषेंतला. म्हणून ते तो ‘ओके’ असा सरळ न लिहितां ‘ओकेह्’ अशा वळणानें लिहीत. कोणी त्याचा संबंध ग्रीक भाषेंतील ‘ओला काला’, म्हणजे ‘सर्व ठीक’, याशीं जोडला, कोणी स्कॉटलंडच्या ‘ऑख आय’शीं, कोणी पश्चिम आफ्रिकेंतील वोलोफ भाषेशीं, तर कोणी सैन्यास पुरविल्या जाणाऱ्या बिस्किटांवरील छापाशीं. हा गुंता सोडविला तो कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक अॅलन वॉकर रीड यांनीं. त्यांनीं जुन्या वृत्तपत्रांच्या राशी चाळल्या. १९४१ सालीं १८४० च्या ‘ओ. के. क्लबां’चा पुरावा पुढें मांडला. आणि १९६३ व १९६४ या वर्षीं ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकांत लेखमाला लिहून बोस्टनच्या त्या स्फुटापर्यंत शब्दाचा माग नेऊन पोहोंचविला. व्युत्पत्तीच्या बाबतींत केवळ उच्चाराचें साम्य हा पुरावा नव्हे, कागदावरील तारीख हा पुरावा, हा धडा त्यांच्या परिश्रमांतून मिळतो. आपल्याकडेहि प्रत्येक मराठी शब्दाचें मूळ ओढूनताणून संस्कृतांत किंवा फारसींत दाखविण्याचा मोह अनेकांस होतो. त्यांनीं हा धडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

निवडणुकीनें शब्द वांचविला खरा, पण त्याला कामाला लावलें तें तारयंत्रानें. एका ठाण्यावरून निघालेला निरोप दुसऱ्या ठाण्यावर नीट पोहोंचला कीं नाहीं, हें पाठविणाऱ्यास कळणें जरूर असे. विशेषतः आगगाड्यांच्या वाहतुकींत तर फारच जरूर असे. या कामीं ‘ओ. के.’ हीं दोन अक्षरें सोयीचीं पडलीं, आणि निरोप घेणारा तारमास्तर तींच उलट पाठवूं लागला. येथें शब्दाच्या अर्थानें एक वळण घेतलें, आणि पुढील सर्व गोष्टीचें बीज याच वळणांत आहे. मूळ अर्थ होता ‘सर्व बिनचूक आहे’. म्हणजे तो एक अभिप्राय होता. तारेवर त्याचा अर्थ झाला ‘तुमचें बोलणें मजपर्यंत पोहोंचलें’. म्हणजे ती नुसती पोंच झाली. अभिप्राय आणि पोंच या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पोस्टमनच्या कागदावर सही केली, म्हणजे पत्रांतील मजकूर आपणांस मान्य झाला असें होत नाहीं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत एकच शब्द हीं दोन्ही कामें करीत आला आहे, आणि त्यांपैकीं कोणतें काम तो या घटकेस करीत आहे, हें ऐकणाऱ्यानें आपलें आपण ओळखावयाचें असतें.

आज या शब्दाचे अर्थ मोजूं लागल्यास बोटें अपुरीं पडतील. ‘ओके?’ असा स्वर चढविला, तर तो प्रश्न. ‘ओके.’ असा स्वर उतरविला, तर होकार. ‘ओऽके’ असा लांबविला, तर ‘तुमचें म्हणणें मला फारसें पटलेलें नाहीं, पण वाद नको.’ ‘ओके, ओके’ असा दोनदां घाईनें म्हटला, तर ‘आतां पुरे करा.’ वर्गांत शिक्षक ‘ओके’ म्हणतात, तेव्हां त्याचा अर्थ ‘हा मुद्दा संपला, पुढचा घेऊं.’ पडलेल्या मुलाला आई ‘तूं ओके आहेस ना?’ असें विचारते, तेव्हां त्याचा अर्थ ‘सुखरूप.’ ‘चित्रपट कसा होता?’ या प्रश्नास ‘ओके होता’ असें उत्तर आलें, तर त्याचा अर्थ ‘बेताचा.’ ‘साहेबांनीं कागद ओके केला’ यांत तें क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ ‘मंजूर.’ ज्या शब्दाचा एक अर्थ ‘सर्वथा योग्य’ आणि दुसरा ‘जेमतेम बरा’, अशा शब्दास अर्थ आहे म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणास पडला तर नवल नाहीं. या शब्दावर १८३९ पासूनचा सबंध इतिहास लिहिणारे अॅलन मेटकाफ यांनीं त्याचें मर्म बरोबर हेरलें आहे. त्यांच्या मतें हा शब्द होकार देतो, पण गुणदोषांविषयीं कांहींच बोलत नाहीं. तो स्तुति करीत नाहीं, निंदाहि करीत नाहीं. तो फक्त गाडी पुढें जाऊं देतो.

अक्षरांखेरीज या शब्दाला हाताची खूणहि आहे. अंगठा आणि तर्जनी यांची टोकें जुळवून केलेलें वर्तुळ अमेरिकेंत ‘उत्तम’ म्हणून ओळखलें जातें. जपानांत तीच खूण पैशांची आहे. फ्रान्समध्यें तिचा अर्थ ‘शून्य’ असाहि होतो. आणि ब्राझीलमध्यें ती करणें असभ्यपणाचें समजतात. या खुणेचा सर्वांत नेमका उपयोग पाण्याखालीं जाणारे पाणबुडे करतात. एक जण ती खूण करून ‘ठीक आहेस काय?’ असें विचारतो, आणि दुसऱ्यानें तीच खूण उलट करून उत्तर द्यावयाचें असतें. नुसता अंगठा वर करण्याची जी खूण आपण ‘छान’ या अर्थानें करतों, तिचा पाण्याखालीं अर्थ ‘वर चल’ असा ठरलेला आहे, आणि त्यांत कोणी घोळ करीत नाहीं. जेथें श्वासाचाच प्रश्न असतो, तेथें माणसें खुणांचे अर्थ आधीं ठरवून मगच उडी घेतात.

संगणकाच्या पडद्यावर ‘ओके’ची कळ कशी आली, तिचीहि एक मौजेची हकीकत आहे. अॅपल कंपनीनें ‘लिसा’ नांवाचें यंत्र १९८३ सालीं बाजारांत आणलें. तें तयार होत असतां संमतीच्या कळीवर प्रथम ‘डू इट’, म्हणजे ‘हें कर’, असे दोन शब्द घातले होते. चांचणीसाठीं बसविलेल्यांपैकीं कांहीं माणसें त्या कळीशीं येऊन अडूं लागलीं. चौकशी करतां असें दिसलें, कीं त्या दोन शब्दांतील अंतर इतकें थोडें होतें, आणि मधलें मोठें ‘आय’ हें अक्षर लहान ‘एल’सारखें इतकें दिसत होतें, कीं एका गृहस्थांनीं तो एकच शब्द ‘डोल्ट’ असा वाचला. डोल्ट म्हणजे मठ्ठ! यंत्र आपणांस मठ्ठ कां म्हणतें, म्हणून ते रागावले होते. तेव्हां तेथें ‘ओके’ हा शब्द घातला गेला. आज बँकेचा व्यवहार असो, आगगाडीचें तिकीट असो किंवा लांबलचक अटींचा करार असो, आपण त्या कळीवर बोट ठेवतों. त्या वेळीं ‘मी हें वाचलें’ असें आपण सांगतों, कीं ‘मला हें मान्य आहे’ असें सांगतों? आपल्या मनांत बहुधा पहिलाहि अर्थ नसतो. समोरचा मात्र दुसराच धरून चालतो.

आपल्या महाराष्ट्रांत हा शब्द घरांत शिरला तसाच रस्त्यावरहि आला. मालमोटारींच्या पाठीमागें ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं अक्षरें रंगविण्याची चाल भारतभर आहे. त्यांतील ‘ओके’ कोठून आला, याविषयीं युद्धकाळांतील रॉकेलवर चालणाऱ्या मोटारींपासून टाटांच्या ‘ओके’ साबणापर्यंत अनेक कथा सांगतात. वर सांगितलेली कागदावरील तारखेची कसोटी लावली, तर त्यांतील एकहि टिकत नाहीं. अक्षरांचा परिणाम मात्र खरा होता. मागून येणाऱ्यास ती विनाकारण कर्णा वाजविण्याची मुभाच वाटे. म्हणून २०१५ सालीं महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानें आवाजाचा उपद्रव लक्षांत घेऊन तीं अक्षरें रंगविण्यास बंदी केली. पुढें जून २०२२ मध्यें राज्यांतील सत्तांतराच्या गडबडींत सांगोल्याच्या आमदारांनीं गुवाहाटीहून फोनवर केलेलें रसाळ वर्णन गाजलें, आणि त्यांतील ‘ओके’ घराघरांत पोहोंचला. तर ऑगस्टच्या अधिवेशनांत विरोधकांनीं तोच ‘एकदम ओके’ ‘पन्नास खोके’ला जुळवून विधान भवनाच्या पायऱ्यांवर आरोपाची घोषणा केली. आरोपाच्या खरेखोटेपणाशीं येथें आपणांस कर्तव्य नाहीं. शब्दाच्या अभ्यासकास दिसतें तें एवढेंच, कीं १८४० सालीं न्यूयॉर्कमध्यें जें घडलें, तेंच १८२ वर्षांनीं मुंबईंत घडलें : एका बाजूनें कौतुकानें उच्चारलेलीं तींच दोन अक्षरें दुसऱ्या बाजूनें उपहासासाठीं उचललीं.

येथपर्यंत सारें हंसण्यावारी नेण्यासारखें आहे. आतां आरंभीं उल्लेखिलेल्या अपघाताकडे वळूं. ता. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या ताब्यांतील कॅनरी बेटांपैकीं ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाला, आणि तेथें उतरणारीं अनेक विमानें जवळच्या तेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यांत आलीं. त्यांत दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें होतीं. एक हॉलंडच्या के. एल. एम. कंपनीचें आणि दुसरें अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीचें. विमानें उभीं करण्याच्या जागेंत दाटी झाल्यामुळें उड्डाणाच्या धांवपट्टीवरूनच विमानें हळूहळू पुढें न्यावीं लागत होतीं. दुपार उलटल्यावर दाट धुकें उतरलें. डच विमान पट्टीच्या टोकाशीं जाऊन उलट तोंड करून उभें राहिलें. अमेरिकन विमान त्याच पट्टीवर मागून येत होतें. दोघांस एकमेकांचें दर्शन नव्हतें, आणि मनोऱ्यांतील नियंत्रकास दोघांपैकीं कोणीहि दिसत नव्हतें. सर्व भरंवसा बोलण्यावर होता.

डच विमानास उड्डाणानंतरचा मार्ग कोणता, एवढें सांगितलें गेलें होतें. उड्डाणाची परवानगी अद्याप मिळालेली नव्हती. सहवैमानिकानें तो मार्ग परत म्हणून दाखविला आणि आपण आतां उड्डाणावर आहों, अशा अर्थाचे संदिग्ध शब्द शेवटीं जोडले. नियंत्रकानें त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागीं उभे आहेत’ असा घेतला आणि उत्तरादाखल म्हटलें, ‘ओके.’ मग सुमारें दोन सेकंद थांबून त्यानें पुढें सांगितलें, कीं उड्डाणासाठीं थांबा, मी कळवीन. त्याच क्षणीं, आपण अजून पट्टीवरच आहों, असें अमेरिकन वैमानिकहि कळवीत होते. दोन संदेश एकाच वेळीं आल्यामुळें डच विमानांत कर्कश आवाज झाला आणि दोन्ही इशारे त्यांत बुडाले. स्वच्छ ऐकूं आला तो एकटा ‘ओके’. विमानानें तोंवर धांव घेण्यास आरंभ केलाच होता. पट्टी मोकळी नाहीं कीं काय, अशी शंका यंत्रज्ञानें काढली, पण ती मुख्य वैमानिकानें बाजूस सारली. कांहीं सेकंदांतच विमानें आदळलीं. डच विमानांतील २४८ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. अमेरिकन विमानांतील ३९६ पैकीं ६१ जण वांचले. एकंदर ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमान अपघातांत याहून अधिक प्राणहानि आजवर झालेली नाहीं.

अशा अपघाताचें कारण एकच नसतें. परवानगी नसतां विमान निघालें, हें चौकशींत मुख्य कारण ठरलें. धुकें, दाटी, उशीर आणि घाई हींहि होतीं. परंतु बोलण्याचा जो घोटाळा झाला, त्याच्या मुळाशीं या लेखाचा विषय होता. नियंत्रकाचा ‘ओके’ ही पोंच होती, किंवा बोलण्यापूर्वीं घेतलेला एक श्वास होता. ऐकणाऱ्यांच्या मनांत जाण्याची उत्कंठा होती, म्हणून ती संमति ठरली. शब्द जितका मोकळा, तितकी ऐकणाऱ्याची इच्छा त्यांत लवकर जाऊन बसते.

या अपघातानंतर जगांतील विमानतळांवर बोलण्याची शिस्त अधिक कडक करण्यांत आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना अगर ती मागें घेतांनाच उच्चारावयाचा; एरवीं ‘डिपार्चर’ असें म्हणावयाचें. महत्त्वाचा हुकूम मिळाला, तर नुसती मान हलविल्यासारखें उत्तर चालत नाहीं. तो हुकूम शब्दशः परत म्हणून दाखवावा लागतो, आणि तो बरोबर आहे कीं नाहीं हें सांगणाऱ्यानें तपासावयाचें असतें. ‘ओके’ला जीं कामें एकट्यानें करावीं लागतात, त्यांसाठीं तेथें स्वतंत्र शब्द नेमलेले आहेत. ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचें सर्व बोलणें मला मिळालें’. ‘विल्को’ म्हणजे ‘समजलें, आणि मी त्याप्रमाणें करीन’. ‘अफर्म’ म्हणजे ‘होय’. मिळालें, करीन आणि होय, या तीन गोष्टी निराळ्या आहेत, एवढीच ती सुधारणा.

आणि येथें आपल्या जुन्या पत्रव्यवहाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पेशवाईच्या काळचीं पत्रें ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांस त्यांतील शिरस्ता ठाऊक असेल. उत्तर लिहितांना प्रथम ‘तुमचें पत्र पावलें’, मग ‘मजकूर कळला’, मग आलेल्या मजकुराचा थोडक्यांत अनुवाद, आणि त्यानंतर आपलें म्हणणें किंवा आज्ञा. पावलें ही पोंच. कळलें ही समजूत. अनुवाद हा पडताळा. आणि शेवटीं निर्णय. डोंगर, नद्या आणि स्वाऱ्या ओलांडून जाणाऱ्या निरोपांवर ज्यांचें भवितव्य अवलंबून होतें, त्या कारकुनांनीं हा क्रम उगाच लांबण म्हणून पाळला नाहीं. ‘ओके’चे अर्थ वांटून घेणारे शब्द आपल्या बोलींतहि आहेत : हो, बरें, ठीक, समजलें, चालेल, मान्य, असूं दे, पाहूं. त्यांपैकीं ‘बरें’ हा थोडा ‘ओके’च्याच जातीचा, स्वरावर अर्थ बदलणारा, पण ‘समजलें’ आणि ‘मान्य’ यांची गल्लत कोणी करणार नाहीं.

आतां घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत दहा माणसें, दहांच्या वेळा निराळ्या, आणि सर्वांचा मिळून मोबाईलवर एक गट. त्यावर एक जण लिहितो, ‘आजोबांचें रक्तदाबाचें औषध उद्यां संपेल, येतांना कोणी तरी आणावें.’ खालीं तीन ‘ओके’ उमटतात. थोरल्याचा अर्थ असतो ‘वाचलें’. धाकट्याचा ‘आणावयास हवें, खरें’. सुनेचा ‘कोणी आणणार असेल तर उत्तम’. लिहिणाऱ्यास वाटतें, तिघांनीं पत्करलें. प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें पत्करलें. आणि रात्रीं औषधाची डबी रिकामीच राहते. तसेंच लग्नाच्या बोलणींत. मुलीस एखादें स्थळ सांगितलें, आणि तिनें ‘ओके’ म्हटलें, तर ती संमति समजून पुढें बोलणी करणाऱ्या वडील मंडळींनीं तेनेरीफची धांवपट्टी आठवावी. तिचा ‘ओके’ बहुधा ‘ऐकलें’ एवढाच असतो, आणि आपल्या मनांतील उत्कंठा त्याचा ‘मान्य’ करून टाकते. मुलानें दूर देशीं नोकरी धरावयाची असो, घराची वांटणी असो, रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या कागदावर सही असो; ज्या गोष्टी केल्यावर परत फिरवितां येत नाहींत, तेथें हा शब्द ऐकून समाधान मानूं नये.

याचा अर्थ ‘ओके’ घराबाहेर घालवावा असा मुळींच नाहीं. पाहुणा चहाला हो म्हणतो कीं नाहीं, एवढ्यापुरता तो उत्तम आहे. त्यानें बोलणें सोपें होतें आणि मनें मोकळीं राहतात. पण जेथें कोणाचें औषध, कोणाचा पैसा किंवा कोणाचें आयुष्य त्या होकारावर अवलंबून असेल, तेथें एक लहानसा नियम पाळावा. ‘ओके’ म्हणणाऱ्यानें पुढें एक वाक्य जोडावें : ‘ओके, औषध मी आणतों, सातपर्यंत.’ आणि ऐकणाऱ्यास तें वाक्य मिळालें नाहीं, तर त्यानें विचारण्यास संकोच करूं नये : ‘ओके म्हणजे समजलें, कीं मान्य?’ दोन सेकंदांचा प्रश्न आहे. तेनेरीफच्या त्या धुक्यांत तेवढाच विचारावयाचा राहून गेला.